पत्ता सांगणारे



आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडायच्या आधीच तो निरोप माझ्या फोनवर आला. दरवर्षी येतो. लाल टोपीवाल्या सांताक्लॉजवर मोठी फुली, शेजारी गव्हाणीतला बाळ येशू, आणि खाली ठळक अक्षरांत की नाताळातून ख्रिस्ताला बाहेर काढू नका. गेल्या वर्षापर्यंत मीही तो पुढे ढकलत होते, एका सकाळी पाच-पाच ग्रुपवर. या वर्षी ढकलला नाही.

सांताक्लॉजची बाजू घ्यायची म्हणून नव्हे. पण तो बिचारा दुकानाच्या दाराशी घंटा वाजवत उभा असतो, त्या जाड कपड्यांच्या आत घामाघूम झालेला कुणीतरी पोरगा रोजावर आलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो ख्रिस्तीही नसतो. त्यानं आमच्या चर्चमधून कुणालाही बाहेर काढलेलं नाही. खडेबाजारात कागदी स्टार विकणाऱ्यानंही नाही. गेल्या डिसेंबरात आमच्या पॅरिशमध्ये ख्रिस्त बाजूला पडला तो आमच्यामुळे. चर्चसाठी जे सर्वांत जास्त राबतात, ज्यांचे आभार नाताळच्या मिस्साअखेर माईकवरून मानले जातात, त्यांच्यामुळे. त्यात माझं नाव पहिलं घ्या.

बावीस वर्षं मी चर्चची कामं करते आहे. फुलांपासून सुरुवात केली, मग वाचनं, मग रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, आणि गेली काही वर्षं नाताळ समितीची चिटणीस. त्यामुळे समितीची वही माझ्याकडे असते. जानेवारीत हिशेब बंद करताना मी ती सहज पहिल्या पानापासून वाचत गेले. नोव्हेंबर-डिसेंबर मिळून सहा सभा. मंडप, लायटिंग, साऊंड सिस्टीम, केक किती किलो, गोठा स्पर्धेचे परीक्षक, लहान मुलांच्या देवदूतांचे पंख, पार्किंगला स्वयंसेवक. कॅरल्समध्ये कोकणी गाणी किती, मराठी किती, इंग्रजी किती आणि कन्नड किती, यावर एका सभेत पाऊण तास गेला. (बेळगावात राहायचं म्हणजे सीमाप्रश्न चर्चच्या आतही येणारच.) सहा सभांच्या त्या नोंदींमध्ये येशूचं नाव दोन वेळा आलं आहे. एकदा, ‘प्रार्थनेने सभेस सुरुवात’ या ओळीत. दुसऱ्यांदा खर्चाच्या यादीत, ‘बाळ येशूची मूर्ती रंगवणे, १८०० रुपये.’

अक्षर माझंच होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. आमच्याकडे घरी खिळलेल्या आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना शुक्रवारी सकाळी कम्युनियन नेतात. आम्हा काहीजणींना घरं वाटून दिलेली आहेत. माझ्याकडे सात. त्यातल्या एका आजींचं घर गल्लीच्या टोकाला, पायऱ्या उंच, आणि त्यांचे गुडघे गेलेले. चर्चची घंटा त्यांना ऐकू येते, चर्च मात्र दोन वर्षांत पाहिलेलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी मी स्टारसाठी बांबू आणि कागद आणायला गेले. दुसऱ्या शुक्रवारी देखाव्याचा सुतार सकाळीच येतो म्हणाला. तिसऱ्या शुक्रवारी कपड्यांचं गाठोडं आणायचं होतं, मेंढपाळ सोळा होते आणि अंगरखे अकराच शिवून झाले होते. तिन्ही वेळा मनात म्हटलं, पुढच्या शुक्रवारी नक्की. दुसऱ्या कुणाला सांगावं हेही सुचलं नाही, कारण दुसऱ्या सगळ्या त्याच कामात माझ्याबरोबर होत्या.

नाताळ झाल्यावर, २७ तारखेला मी गेले. आजी कॉटवर बसलेल्या. समोर स्टूल, स्टुलावर क्रोशाचं पांढरं रुमालवजा कापड, त्यावर क्रूस आणि एक मेणबत्ती. मेणबत्ती अर्ध्याहून खाली आलेली. मला बघून त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला बोलता येईना. मी माफी मागू लागले तर म्हणाल्या, “असूं दे की बाय. नाताळात तुम्हास्नी काम असतंय.” फोन का केला नाहीत, विचारलं. “कामात असलेल्या माणसाला कशाला त्रास द्यायचा?”

बाहेर पडताना शेजारीण भेटली. तिनं सांगितलं की तिन्ही शुक्रवारी आजींनी पहाटे तिच्याकडून स्टूल पुसून घेतलं होतं, कापड पसरायला लावलं होतं, मेणबत्ती लावली होती. आणि जुन्या वळणाच्या असल्यामुळे कम्युनियनआधी त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. नियम आता एका तासाचा आहे, आजारी माणसाला तर तोही नाही, हे त्यांना किती वेळा सांगितलं. ऐकत नाहीत. साडेअकरापर्यंत वाट बघायच्या, मग शेजारणीला म्हणायच्या, आता कर चहा.

मी आजपर्यंत हे कुणाला सांगितलं नव्हतं. फादरांना कन्फेशनमध्ये सांगितलं, तेवढंच.

बेथलेहेम या नावाचा अर्थ ‘भाकरीचं घर’ असा आहे, हे आमच्या वर्गातली पोरंसुद्धा सांगतील. मीच शिकवलं आहे. जनावरांचं खाणं ठेवायची जागा म्हणजे गव्हाण, आणि त्या गव्हाणीत प्रभूला ठेवलं, कारण तो जगाचं अन्न होऊन आला. हेही मीच शिकवते. आणि ती गव्हाण सजवता सजवता मी अन्न पोहोचवायचं राहू दिलं. माझ्या हातून गेल्या आगमनकाळात जे झालं त्याचं याहून नेमकं वर्णन मला करता येत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढून पाहा. पूर्वेकडून मागी लोक येरुशलेमला आले आणि विचारू लागले की यहुद्यांचा नवा राजा जन्मला तो कुठे. हेरोद घाबरला. त्यानं मुख्य याजक आणि शास्त्री यांना बोलावलं. त्यांनी जराही न अडखळता उत्तर दिलं: यहुदियातल्या बेथलेहेमात. मीखा संदेष्ट्याचं वचनही तोंडपाठ म्हणून दाखवलं. उत्तर अचूक होतं. परदेशी माणसं तो पत्ता घेऊन निघाली आणि पोहोचली.

पत्ता सांगणारे गेले का? मत्तय त्यांच्याबद्दल पुढे एक शब्दही लिहीत नाही. येरुशलेमहून बेथलेहेम आठ-नऊ किलोमीटर आहे. बेळगावहून सांबऱ्याला जाण्याइतकं. चालत गेलं तरी दोन तासांचा रस्ता. आपण हेरोदाला शिव्या घालतो, त्या सरायवाल्याला घालतो (ज्याचा शुभवर्तमानात पत्ताच नाही, नाटकवाल्यांनी उभा केलेला आहे), पण या धर्ममंडळींकडे कुणाचं लक्ष जात नाही. ते वाईट नव्हते. ते कामात होते. मंदिराचं काम, यज्ञांचं काम, सणांचं काम. त्यांच्याकडेही वही असणार.

गेल्या डिसेंबरात आम्ही साऱ्या शहराला पत्ता सांगितला. रस्त्यावर बॅनर लावला, ऑटोरिक्षांवर पत्रकं चिकटवली. हिंदू शेजारी आले, मुसलमान शेजारी आले, गोठ्यापुढे हात जोडून उभे राहिले, काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांच्यामागे उभी राहून रांग सरकवत होते: पुढे चला, पुढे चला.

यावर मला लगेच उत्तर मिळेल, मिळालंही आहे: अहो, पण हेसुद्धा प्रभूचंच काम ना? मार्था आणि मरिया दोघी लागतात. खरं सांगते, मार्थेवरचं प्रवचन सुरू झालं की माझ्यासारख्या बायकांच्या कपाळाला आठी पडते. तेरा माणसं न सांगता जेवायला आली तर स्वयंपाक कुणी करायचा? पण योहानाच्या अकराव्या अध्यायात हीच मार्था पुन्हा भेटते. भाऊ मेलेला, घर समाचाराला आलेल्या माणसांनी भरलेलं. अशा घरात कामं किती असतात ते सांगायला नको. येशू गावाजवळ आल्याचं कळताच ती सगळं टाकून रस्त्यावर त्याला भेटायला जाते, आणि तूच ख्रिस्त आहेस अशी कबुली देते. मरिया तेव्हा घरात बसून होती. म्हणजे राबणाऱ्या बाईला उठून जाता येतं. काम आड आलं ही सबब मार्थेच्या नावावर खपवू नये.

ख्रिस्तसभेनं तर आपल्याला आधीच अडवून ठेवलं होतं. आगमनकाळ चार रविवारांचा. जांभळी वस्त्रं. वेदीवर फुलं बेताची. मिस्सात ग्लोरिया गात नाहीत, कारण ते देवदूतांचं गीत आहे आणि देवदूत अजून यायचे आहेत. इतकी बारीक शिस्त आहे ती. आमचा नाताळ मात्र १ डिसेंबरला सुरू होतो. पहिल्या आठवड्यात कॅरल्स, दुसऱ्यात केक, तिसऱ्यात ऑफिसातल्या पार्ट्या, आणि २४च्या रात्री मिस्साला येईतो निम्मी माणसं दमलेली, निम्मी गोडानं कंटाळलेली. मग २६ला गोठा उतरवायला सुरुवात, कारण पोरांना ओल्ड मॅनच्या तयारीला लागायचं असतं. प्रत्यक्षात नाताळकाळ तेव्हा नुकता लागलेला असतो, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत तो चालतो. आम्ही वाट पाहण्याच्या दिवसांत सण खातो आणि सणाच्या दिवसांत आवराआवर करतो.

आगमनकाळाची ती चार मेणबत्त्यांची माळ आपल्याकडे हल्ली सगळ्या चर्चमध्ये असते. ती सुरू केली हॅम्बर्गच्या योहान हिन्रिख विखर्न यांनी, १८३९ मध्ये. लुथरन पाळक होते ते, आणि गरिबांच्या मुलांसाठी आश्रम चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, रविवारांसाठी चार मोठ्या मेणबत्त्या लावल्या, मधल्या दिवसांसाठी लहान लहान, आणि रोज एक पेटवत गेले. मुलांना वाट पाहायला शिकवायची ती युक्ती होती. आमच्या माळेच्या चारही मेणबत्त्या गेल्या वर्षी तिसऱ्या रविवारी पेटलेल्या होत्या, कारण फोटोग्राफर त्या दिवशी आला होता.

आता गोठा. इथे मी थोडं थांबणार आहे, कारण आमच्याकडे गोठा म्हटलं की माणसं भांडायला उठतात.

पहिला गोठा असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली ग्रेच्चो या डोंगरातल्या गावी केला. त्याचं वर्णन चेलानोच्या थॉमसनं लिहून ठेवलं आहे. फ्रान्सिसनं गावातल्या एका माणसाला निरोप पाठवून एवढंच तयार ठेवायला सांगितलं: गव्हाण, गवत, एक बैल, एक गाढव. पुतळे नव्हते. मरियेचा नाही, योसेफाचा नाही. त्या गव्हाणीवर मिस्सा झाली. फ्रान्सिस दीक्षित उपयाजक होता, त्यानं शुभवर्तमान गायलं. गावकरी हातात मशाली घेऊन डोंगर चढून आले होते. गव्हाण रिकामी होती आणि तिच्यावर ख्रिस्तप्रसाद अर्पण होत होता. जगातल्या पहिल्या गोठ्याचा देखावा तेवढाच.

आमच्या गेल्या वर्षीच्या स्पर्धेत पहिला आलेला गोठा मी पाहिला आहे. मोटरवर चालणारा धबधबा, खरं पाणी, पवनचक्की, डोंगराच्या बोगद्यातून जाणारी आगगाडी. पोरांनी तीन आठवडे रात्री जागून केला होता, कौतुक करायलाच हवं. बाळ येशू शोधायला मला थोडा वेळ लागला. परीक्षकांची गुणपत्रिका मीच टाइप केली होती: कल्पकता, प्रकाशयोजना, नीटनेटकेपणा, टाकाऊतून टिकाऊ. शंभर गुण भरले.

बक्षीस ठेवलं की गोठा शेजारच्या गोठ्याकडे बघू लागतो. मग ईर्ष्या, मग वर्गणी, मग एका वाड्याचं दुसऱ्या वाड्याशी बोलणं बंद. आमच्याकडे दोन कुटुंबं तिसऱ्या क्रमांकावरून फेब्रुवारीपर्यंत एकमेकांना शांतीचं चिन्ह देत नव्हती. कशावरून? तर शांतीच्या राजपुत्राच्या पाळण्यावरून.

“पण स्पर्धेमुळेच तर पोरं चर्चमध्ये येतात.” हा मुद्दा मी उडवून लावणार नाही, तो खरा आहे. वर्षभर न दिसणारी पोरं त्या तीन आठवड्यांत रोज आवारात असतात. पण आवारात. चर्चचं दार वीस पावलांवर. त्यांना हाक मारायची जबाबदारी आमची होती, आणि आम्ही त्यांना एक्स्टेन्शन बोर्ड दिले. आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी कन्फेशनसाठी बाहेरचे धर्मगुरू बोलावले होते. तासभर ते बसून होते. बाहेर थर्मोकोल कापण्याचा आवाज येत होता, आणि आत रांगेत नेहमीचीच सात-आठ पांढरी डोकी. त्या संध्याकाळी एकानं जरी बाहेर जाऊन म्हटलं असतं, “कटर ठेवा रे जरा, चला आत,” तर दोघं तरी आली असती. मी म्हटलं नाही. धबधब्याची मोटर चालू होत होती ना तेव्हा.

हे वाचून कुणी म्हणेल की बाईला सणच नको झालाय. तसं नाही हो. संत फ्रान्सिससारखा उपास करणारा माणूस नव्हता, पण नाताळ शुक्रवारी आला तर मांस खावं का असा प्रश्न निघाला तेव्हा तो म्हणाला होता की या दिवशी भिंतींनाही मांस खाऊ घालावं, आणि भिंतींना खाता येत नसेल तर निदान वरून चोळावं! त्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर घालावं आणि बैल-गाढवांना जास्तीचा चारा मिळावा, अशीही त्याची इच्छा होती. तेव्हा नेवऱ्या करा, दोदोल ढवळा.

माझी आई कुलकुल करायची तेव्हा आम्ही भावंडं फणीच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून वळायचो, आणि आई रोझरी सांगायची. एक कुलकुल, एक नमो मरिया. हात तुपानं माखलेले, म्हणून माळ कुणाच्याच हातात नसे. परातीत मोजून दहा झाले की दशक संपलं. काम आणि प्रार्थना यांत निवड करायची असते हे आम्हाला माहीतच नव्हतं. मग ती ताटं झाकून शेजारी जायची, आधी ज्यांच्या घरी त्या वर्षी कुणी गेलं असेल त्यांच्याकडे, कारण सुतकातलं घर गोड करत नाही. आज मी कुलकुल बेकरीतून आणते, त्याची मला फारशी खंत नाही, नोकरी करणाऱ्या बाईनं काय काय करायचं. पण ताट आधी कुणाकडे जातं? गेल्या वर्षी माझं पहिलं ताट साऊंडवाल्याला गेलं, कारण त्याच्याकडून सूट हवी होती.

आपल्या भाषेत ख्रिस्तजन्माची कथा चारशे वर्षांपूर्वी ओवीत आली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली साष्टीतल्या राशोलला छापलं गेलं. बसून ऐकण्यासाठी ते लिहिलं होतं. त्या माणसांपाशी एलईडीच्या माळा नव्हत्या, तास-दोन तास एका जागी बसून देवाची कथा ऐकायचा सराव मात्र होता. तो आपला वारसा आहे, धबधब्यापेक्षा जुना.

या नोव्हेंबरात मी समितीपुढे चार गोष्टी मांडल्या. शुक्रवारी सकाळी नाताळचं कुठलंही काम ठेवायचं नाही. गोठा प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत उतरवायचा नाही. सरावाच्या एका संध्याकाळऐवजी चर्चमध्ये दिवे मंद करून ख्रिस्तपुराणातला जन्माचा भाग वाचायचा. आणि स्पर्धेचं बक्षीस बंद करून ते पैसे आजारी माणसांच्या औषधाला द्यायचे.

पहिल्या दोन मंजूर झाल्या. वाचनाला ‘बघू’ असं उत्तर मिळालं. समितीत ‘बघू’ म्हणजे काय ते मला बावीस वर्षांत कळलं आहे, म्हणून तारीख मी वहीत स्वतःच घालून टाकली. बक्षीस मात्र राहिलं. दोन तास वाद झाला, एक काका उठून गेले, मलाही नको ते बोलावंसं वाटलं आणि थोडं बोलले. शेवटी तडजोड म्हणून गुणपत्रिकेत एक नवा रकाना घातला: गोठ्यापुढे गुडघे टेकायला जागा, दहा गुण. मला ही तडजोड आवडलेली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मांडणार आहे, काकांनी तयारीत राहावं.

आणि वहीच्या पहिल्या पानावर, मंडपाच्या आधी, मी सात घरांची यादी चिकटवली आहे. सातची आता नऊ झाली आहेत. ज्यांच्याकडे स्कूटर आहे आणि शुक्रवारी सकाळचा एक तास आहे, त्यांनी साडेसहाच्या मिस्सानंतर साक्रिस्तीच्या दाराशी भेटावं. सुरुवात गल्लीच्या टोकापासून करायची. आजींना साडेसातची वेळ कळवलेली आहे, म्हणजे त्यांचा चहा आठच्या आत होईल.